काढून टाकलेल्या ओळी
‘आर्केनफॉक्स’च्या मराठी मार्गदर्शिकेची प्रस्तावना

ही मार्गदर्शिका एका साध्या मजकुराच्या फाइलीविषयी आहे. फाइलीचं नाव ‘यूजर डॉट जेएस’. फायरफॉक्स ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये ती नेऊन ठेवली की ब्राउझर दर वेळी उघडताना ती वरपासून खालपर्यंत वाचतो आणि तिच्यात लिहिलंय तसं वागायला लागतो. तिला बटण नाही, चिन्ह नाही, विकत घ्यायची भानगड नाही. नोटपॅडमध्ये उघडून कुणीही वाचावी अशी हजाराहून अधिक ओळींची ही फाइल. त्यातल्या बऱ्याचशा ओळी तर आज्ञाही नाहीत, नुसत्या टिपा आहेत: ही सेटिंग कशासाठी, कुठल्या आवृत्तीत आली, बदलली तर काय बिघडेल. एवढ्याशा फाइलीचा काही माणसं 2015 सालापासून बिनपगारी सांभाळ करत आहेत; त्यांच्या प्रकल्पाचं नाव ‘आर्केनफॉक्स’.

फाइलीत काय आहे ते पुढची प्रकरणं सांगतील. प्रस्तावनेत मला एकाच प्रश्नाकडे बघायचं आहे. एकदा नीट लिहिलेली फाइल दहा वर्षं सांभाळावी का लागते? सेटिंग एकदा चालू केली की विषय संपला, असं आपल्याला वाटतं. खासगीपणाच्या नावाने होणारे निम्मे घोटाळे या समजुतीतून होतात, असं माझं मत झालं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. नेटस्केप कंपनीने 1998 साली आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला केला, त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि 9 नोव्हेंबर 2004 रोजी फायरफॉक्सची 1.0 आवृत्ती बाहेर आली. या घराण्याची एक जुनी सवय अजून टिकून आहे: ब्राउझरच्या बारीकसारीक वागणुकीच्या किल्ल्या वापरणाऱ्याच्या हाती ठेवायच्या. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ टाइप केलं की आधी एक इशारा येतो आणि मग हजारो सेटिंगची यादी. इतर मोठे ब्राउझर इतक्या आतपर्यंत कुणाला येऊ देत नाहीत.

या यादीत केलेले बदल ब्राउझर ‘प्रेफ्स डॉट जेएस’ या फाइलीत स्वतः लिहून ठेवतो. ‘यूजर डॉट जेएस’ मात्र माणसाने लिहायची. दोघींचं जुळलं नाही तर माणसाची फाइल जिंकते. पण इथेच मेख आहे. माणसाच्या फाइलीत जे लिहिलंय ते ब्राउझर आपल्या फाइलीत उतरवून घेतो. उद्या तुम्ही आपल्या फाइलीतली ओळ पुसलीत, तरी ब्राउझरने उतरवून घेतलेली ओळ तशीच राहते आणि वर्षानुवर्षं तिचा अंमल चालू राहतो. म्हणजे ओळ घालायला एक क्षण पुरतो, काढायला मात्र मुद्दाम बसावं लागतं. आर्केनफॉक्समध्ये या कामासाठी वेगळी स्क्रिप्ट आहे. ती ब्राउझर बंद असताना चालवायची. प्रकल्पाने आजवर काढून टाकलेल्या सेटिंगची यादीही तिथे जपून ठेवलेली असते, जुन्या वापरकर्त्यांच्या प्रोफाइलमधला गाळ उपसता यावा म्हणून. मला या प्रकल्पाचा सगळा स्वभाव या एका यादीत दिसतो.

आता मुळात हा खटाटोप कशासाठी, ते. नेटस्केपमध्ये असताना लू माँटुली यांनी 1994 साली कुकी आणली. संकेतस्थळाला येणारा माणूस आधी येऊन गेलाय का, त्याने काय निवडून ठेवलं होतं, एवढं लक्षात राहावं हा तिचा साधा हेतू. पण एकाच पानावर दहा ठिकाणचा मजकूर येऊ लागला आणि जाहिरात कंपन्यांच्या कुकी पानोपानी आपल्या मागे फिरू लागल्या. ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. कुकी पुसता येते हेही ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते पुढचं.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेत पीटर एकर्स्ली यांनी 2010 साली ‘पॅनॉप्टिक्लिक’ नावाचा प्रयोग केला. येणाऱ्या ब्राउझरला त्यांनी नेहमीचेच प्रश्न विचारले: तुझी आवृत्ती कोणती, पडदा केवढा, टाइमझोन कोणता, फॉन्ट कोणकोणते, प्लगइन कोणते. यातलं एकही उत्तर गुपित नव्हतं. पण जवळपास 4 लाख 70 हजार ब्राउझरांच्या नोंदी जमल्यावर दिसलं की त्यांतल्या 83.6 टक्के ब्राउझरांची उत्तरं एकत्र घेतली तर दुसऱ्या कुणाशीच जुळत नव्हती. फ्लॅश किंवा जावा असलेल्यांत हे प्रमाण 94.2 टक्के होतं. कुकी नाही, नाव नाही, तरी माणूस ओळखू येतो. याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. या पुस्तिकेत मी ‘ठसा’ हा शब्द वापरला आहे. त्या प्रयोगाला आलेले लोक मुळात चौकस, आपापली यंत्रं हौसेने सजवणारे होते, हेही लक्षात ठेवायला हवं. पुढे 2018 साली फ्रेंच संशोधकांनी एका मोठ्या, सर्वसामान्य वाचकवर्गाच्या साइटवर वीस लाखांहून अधिक ठसे तपासले तेव्हा एकमेव ठरणाऱ्यांचं प्रमाण 33.6 टक्के निघालं. म्हणजे प्रश्न खरा आहे, पण तो प्रत्येकाला सारख्याच प्रमाणात लागू नाही.

मराठी वाचकाला तो थोडा जास्तच लागू आहे. विंडोज 10 मध्ये देवनागरीसाठी मुळातून येणारा फॉन्ट निर्मला यूआय. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट देवनागरीच्या पूरक संचात गेले. मराठी किंवा हिंदी भाषा यंत्रात जोडली की हा संच आपोआप बसतो. तेव्हा एखाद्या साइटने पानात न दिसणारा शब्द मंगलमध्ये मोजून पाहिला आणि माप जुळलं, तर या यंत्रावर कुणीतरी देवनागरी जोडलीय हे तिला न विचारता कळतं. त्यात टाइमझोन साडेपाच तास पुढचा, ब्राउझरने पाठवलेल्या भाषांच्या यादीत ‘एमआर’, आणि वर डीटीपीसाठी बसवलेले श्रीलिपीचे दोन-चार फॉन्ट. कोल्हापुरात बसलेल्या माणसाची गर्दी तरी मोठी असते. हेच फॉन्ट आणि हीच भाषा घेऊन नॉर्वेत किंवा न्यूझीलंडमध्ये बसलेला मराठी माणूस तिथल्या गर्दीत चटकन वेगळा उठून दिसतो. फॉन्टची संख्या मर्यादित करून दाखवायची सोय फायरफॉक्समध्ये आहे. पण स्वतः बसवलेले फॉन्ट लपवणं आणि भाषेच्या संचातून आलेले फॉन्ट लपवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसऱ्याची किंमत लॅटिन लिपीवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त मोजावी लागते. या पुस्तिकेत फॉन्टवर स्वतंत्र प्रकरण आहे ते त्यासाठी.

बॅटरीची गोष्ट तर हसावं की रडावं अशी. लॅपटॉपची बॅटरी किती उरलीय हे साइटला कळावं, म्हणजे ती हलकं पान दाखवू शकेल, अशी सोय वेबच्या मानकांत आली. काही संशोधकांनी 2015 साली दाखवलं की बॅटरीचे हे बारीक आकडे थोडा वेळ ठसा म्हणूनच काम करतात. मोझिलाने 2017 साली फायरफॉक्स 52 मध्ये साइटांसाठी ही सोय काढूनच टाकली. ब्राउझरमधून एखादी गोष्ट चक्क काढली जाण्याचं हे दुर्मिळ उदाहरण. एरवी नवी सोय येते ती राहायलाच.

2015 सालीच या फाइलीचा जन्म झाला. जीहॅक्स नावाच्या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळावर एका टोपणनावाच्या वाचकाने आपली सेटिंगची यादी प्रसिद्ध केली. तिला इतका प्रतिसाद आला की 2017 साली ती गिटहबवर गेली, आणखी काही हात लागले, आणि 2020 मध्ये तिला ‘आर्केनफॉक्स’ हे आजचं नाव मिळालं. सांभाळणारे आजही टोपणनावानेच वावरतात. इतरांच्या खासगीपणाची काळजी वाहणाऱ्यांनी आपला जपला, यात नवल काही नाही. पण त्याची एक चांगली बाजू अशी की इथे कुणाच्या नावाचा दबदबा चालत नाही. सेटिंग का हवी ते फाइलीत लिहावं लागतं, सोबत मोझिलाच्या बगची नोंद द्यावी लागते, आणि कुणी खोडून दाखवलं तर ती ओळ जाते.

त्या काळात अशा याद्यांचं पेवच फुटलं होतं. जो तो ‘फायरफॉक्स कडेकोट करा’ म्हणून शंभर-दोनशे ओळी वाटत होता. लोक त्या एकाकडून उचलून दुसरीकडे चिकटवत. जास्त ओळी म्हणजे जास्त संरक्षण, असा सरळ हिशेब. या याद्यांत आवृत्ती नसे, तारीख नसे, आणि निम्म्या सेटिंग फायरफॉक्समधून कधीच हद्दपार झालेल्या असत. 57 व्या आवृत्तीने नोव्हेंबर 2017 मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद करून आतलं बरंच काही उलटंपालटं केलं, तरी त्या याद्या तशाच फिरत राहिल्या. काही अजूनही फिरतात.

आणि हिशेबच मुळात चुकीचा होता. ठशाच्या दुनियेत तुम्ही केलेला प्रत्येक दुर्मिळ बदल ही आणखी एक खूण असते. ‘डू नॉट ट्रॅक’चंच पाहा. 2009 साली सुचलेली, 2011 मध्ये फायरफॉक्सने उचललेली ही कल्पना: ब्राउझरने प्रत्येक साइटला नम्रपणे सांगायचं की बाबा, माझा माग काढू नकोस. मानणं कुणावर बंधनकारक नव्हतं, आणि फारसं कुणी मानलं नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा त्यावर काम करणारा गट जानेवारी 2019 मध्ये विसर्जित झाला. त्याच वर्षी ॲपलने सफारीतून ही सोय काढली, कारण दिलं की तिचा उपयोग ठसा घ्यायलाच होऊ शकतो. फायरफॉक्सने ती 2025 च्या फेब्रुवारीत 135 व्या आवृत्तीत काढली. माग काढू नका असं सांगणारी चौकट स्वतःच माग काढायच्या कामी येत होती, आणि कितीतरी याद्या तोवर ती हौसेने चालू करायला सांगत होत्या.

तीच गत सांकेतिकीकरणाची. जुने, थोडे कमकुवत सायफर हाताने बंद केले की आपण सुरक्षित झालो असं वाटतं. पण साइटशी सुरक्षित जोडणी करताना ब्राउझर आपल्याला येणाऱ्या सायफरांची यादी आधी पाठवतो, आणि ती यादी इतरांपेक्षा वेगळी असेल तर मधल्या रस्त्यावर बसलेल्यालाही ती दिसते. आधुनिक साइट तसंही चांगला सायफरच निवडते. फायदा शून्य, खूण मात्र उमटली.

आर्केनफॉक्सच्या फाइलीत अशा गोष्टींसाठी एक स्वतंत्र विभाग आहे. त्याचा मथळा मराठीत सांगायचा तर ‘या भानगडीत पडू नका’. त्यात सेटिंग दिलेल्या आहेत, पण निष्क्रिय; सोबत, का पडू नये याचं एकेका ओळीचं कारण. हा विभाग मला सगळ्या फाइलीत मोलाचा वाटतो. कुठलीही यादी काय करा ते सांगते. काय केलं तर वाया जाईल, हे लिहून ठेवायला त्या गोष्टी आधी कुणीतरी तपासलेल्या असाव्या लागतात, आणि लोकांची नाराजी पत्करावी लागते. कारण प्रत्येक निष्क्रिय ओळीमागे ‘ही का नाही चालू केली?’ म्हणून भांडणारा कुणीतरी असतोच.

अशा भांडणांत ‘सेफ ब्राउझिंग’ पहिल्या नंबरावर. घातक साइटांचा इशारा देणारी ही गूगलची यंत्रणा फायरफॉक्समध्ये आहे. गूगलचं नाव दिसलं की खासगीपणाचा कैवारी ती आधी बंद करतो; त्याला वाटतं आपण उघडलेलं प्रत्येक पान गूगलला कळतंय. प्रत्यक्षात घातक पत्त्यांच्या सांकेतिक तुकड्यांची यादी आपल्या यंत्रावरच उतरवलेली असते आणि पडताळणी तिथल्या तिथे होते. तुकडा जुळला तरच पुढची विचारणा जाते, तीही पूर्ण पत्त्याची नाही. फाइल ही यंत्रणा चालू ठेवते. उतरवून घेतलेल्या प्रोग्रामची माहिती गूगलकडे पाठवून विचारणा करणारा तेवढा भाग बंद करते. हा काटेकोरपणा मला पटतो. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या लिंकवर बोट पडून पैसे गेलेली माणसं आपल्या ओळखीत असतात. गूगलला रागावून त्या माणसाचा इशारा बंद करणं ही खासगीपणाची सेवा नव्हे.

फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते. प्रत्येक वेळी आधीची आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्यांतल्या सेटिंग काढून ताडून पाहायच्या: कोणती नवी आली, कोणती गेली, कोणाची मूळ किंमत बदलली, कोणाचं नाव बदललं. शेवटचे दोन प्रकार सर्वांत फसवे. मोझिलाने एखादी गोष्ट स्वतःहून चांगली केली, तर आपली जुनी ओळ आता त्या चांगल्याला अडवते. नाव बदललं तर आपली ओळ नुसती मृत होते; ब्राउझर तक्रार करत नाही, आणि आपण समजत राहतो की संरक्षण आहे. कोकणात पावसाळ्याआधी कौलं चाळतात तसलं हे काम आहे: छप्पर खालून शाबूत दिसत असलं तरी वर चढून एकेक कौल उचलून पाहिल्याशिवाय फुटकं सापडत नाही.

या कामातली एक गंमत सांगायलाच हवी. फाइलीच्या प्रत्येक विभागाच्या तोंडी एक बनावट सेटिंग असते, तिचं नाव पोपट. ब्राउझरला तिचा काही उपयोग नाही. पूर्वी फाइलीत एक अवतरणचिन्ह जरी सुटलं तरी ब्राउझर तिथेच वाचन थांबवायचा आणि खालच्या सगळ्या ओळी मुकाट्याने बाद व्हायच्या. मग ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये जाऊन पोपट काय बोलतोय ते पाहायचं, त्याच्या शब्दांवरून कळायचं की वाचन कुठल्या विभागापर्यंत पोचलं. पोपटाच्या तोंडची वाक्यं मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदवीरांच्या मेलेल्या पोपटाच्या प्रसिद्ध प्रवेशातून घेतलेली आहेत. आपल्याकडे बिरबलाच्या गोष्टीत पोपट मेला हे बादशहाला सांगायला कुणी धजत नाही. इथे पोपट आपणहोऊन सांगतो. फायरफॉक्स 60 पासून मात्र चूक सापडली तरी ब्राउझर पुढे वाचत राहतो, त्यामुळे शेवटचा पोपट जिवंत दिसला म्हणजे सगळं ठीक, असं आता म्हणता येत नाही. हेही फाइलीत प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टॉर ब्राउझर हा फायरफॉक्सच्याच पायावर उभा आहे. त्यातली संरक्षणं मूळ फायरफॉक्समध्ये आणण्याचं काम 2016 पासून टॉर आणि मोझिला या दोन्ही संघांनी हाती घेतलं. त्यातून दोन मोठ्या किल्ल्या मिळाल्या. एक, प्रत्येक साइटच्या कुकी आणि साठा वेगळ्या कप्प्यात कोंडणारी. दुसरी, ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’, सगळ्यांचा ठसा एकसारखा करू पाहणारी. आर्केनफॉक्सने दोन्ही उत्साहाने स्वीकारल्या आणि कित्येक वर्षं हीच त्याची ओळख होती.

पुढे मोझिलाने कप्प्यांची स्वतःची, साइटा कमी मोडणारी पद्धत तयार केली: ‘टोटल कुकी प्रोटेक्शन’. फेब्रुवारी 2021 मध्ये ती कडक संरक्षण निवडणाऱ्यांना मिळाली, जून 2022 मध्ये सर्वांना. आता जुनी किल्ली चालू ठेवणं म्हणजे नव्या पद्धतीच्या पायात पाय घालणं. आर्केनफॉक्सने आपली लाडकी किल्ली सोडली आणि फायरफॉक्सचं ‘कडक’ संरक्षण निवडणारी ओळ घातली. ती ओळ आल्याबरोबर हाताने नेमलेल्या कितीतरी जुन्या ओळी निरुपयोगी झाल्या.

‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ सोडणं जास्त जड गेलं असावं. ती किल्ली फिरवली की ब्राउझर टाइमझोन लपवतो आणि यूटीसी ही जागतिक वेळ सांगतो. सकाळी दहाला आलेली मेल वेबमेलमध्ये साडेचारची दिसते. रात्रीचा काळा पडदा आवडणाऱ्यांना साइट पांढरी दिसते. खिडकीचं माप ठरावीक पटींत दिसावं म्हणून तिच्या जोडीची सेटिंगही चालू केली तर पानाभोवती राखाडी पट्टे येतात. फोटो ब्राउझरमध्येच कापून चढवायला लावणारी साइट असली तर अर्जावर चेहऱ्याच्या जागी रंगीबेरंगी रेघा जातात, कारण कॅनव्हास वाचायला गेलं की ब्राउझर मुद्दाम खोटं चित्र देतो. शेवटच्या तारखेला अर्ज भरणाऱ्या उमेदवाराला ही रेघांची गंमत वाटणार नाही. अशा प्रत्येक बिघाडाची तक्रार त्या साइटकडे जात नाही, मोझिलाकडेही जात नाही. फाइल सांभाळणाऱ्यांकडे येते. त्यांनी टिपांत ‘यामुळे अमुक बिघडेल’ अशा खुणा घातल्या आहेत. तक्रार करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्या वाचलेल्या नसतात.

आणि एवढं सोसून मिळायचं काय? सगळे एकसारखे दिसण्यासाठी सगळ्यांनी एकसारखं असावं लागतं. टॉर ब्राउझरमध्ये ते जमतं, कारण सगळ्यांचा तोच ब्राउझर, तीच मांडणी, तेच जाळं. इथे मात्र फाइल घेऊन प्रत्येक जण चार ओळी इकडेतिकडे करतो. त्यात हा जमाव फायरफॉक्सच्या एकूण वापरकर्त्यांत अगदी थोडा. फायरफॉक्सने दरम्यान कमी त्रासाचं, साइटा न मोडणारं ठसाविरोधी संरक्षण आपल्या कडक निवडीतच आणलं. अलीकडच्या आवृत्त्यांत आर्केनफॉक्सने ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ निष्क्रिय करून ऐच्छिक विभागात टाकलं. ज्या गोष्टीसाठी लोक तुम्हाला ओळखतात ती गोष्ट स्वतःच्या हाताने बाजूला ठेवायची, आणि का ठेवली हे शांतपणे लिहायचं. या एका निर्णयासाठी मी या माणसांना मानतो.

प्रकल्पाची भूमिकाही तेव्हापासून आणखी स्पष्ट झाली. निनावीपण हवं असेल तर टॉर ब्राउझर वापरा, ही फाइल ते देऊ शकत नाही. ती साध्या माग काढणाऱ्यांना चकवेल, निष्णातांना नाही. टॉरचं जाळं नको पण तशी एकसारखी मांडणी हवी, त्यांच्यासाठी टॉर प्रकल्प आणि मुलवाड ही व्हीपीएन कंपनी यांनी मिळून एप्रिल 2023 मध्ये मुलवाड ब्राउझर काढला. फाइलीचा व्यापच नको असलेल्यांना लिब्रवुल्फ हा फायरफॉक्सवरूनच बनवलेला, तयार सेटिंगचा ब्राउझर आहे. आणि रोजच्या वापरात जाहिरातींचा माग तोडण्याचं मोठं काम यूब्लॉक ऑरिजिन हे एकटं एक्स्टेन्शन करतं. त्याच्या जोडीला खासगीपणाची आणखी सहा एक्स्टेन्शन बसवणाऱ्यांना प्रकल्प हेच सांगतो की ती काढा.

मग मोझिलावरच सगळं का सोपवू नये? बरंचसं सोपवावंच, वर दिसलं तसं दहा वर्षांत फाइलीतल्या कितीतरी ओळी मोझिलाने आपल्याशा करून निकालात काढल्या. पण मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग गूगलला मूळ शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो, आणि अधूनमधून तिचाही तोल जातो. डिसेंबर 2017 मध्ये ‘मिस्टर रोबोट’ या टीव्ही मालिकेशी जोडलेलं एक एक्स्टेन्शन प्रयोगांच्या यंत्रणेतून लोकांच्या ब्राउझरांत न विचारता उतरवलं गेलं. ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. जुलै 2024 मध्ये 128 व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी नवी सोय मुळातूनच चालू ठेवून आली. अशा वेळी बदल कुणीतरी ओळीओळीने वाचतंय याचा उपयोग होतो.

मात्र मोझिलाच्या त्या प्रयोगांच्या यंत्रणेची उलटी बाजू 4 मे 2019 रोजी दिसली. एक्स्टेन्शनची सही तपासणारं मोझिलाचं एक मधलं प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि जगभरातल्या फायरफॉक्सांमधली एक्स्टेन्शन बंद पडत गेली, जाहिराती अडवणारी आणि माग तोडणारीसुद्धा. तातडीची दुरुस्ती मोझिलाने पाठवली ती त्याच प्रयोगांच्या यंत्रणेतून. ज्यांनी खासगीपणासाठी ती बंद ठेवली होती, त्यांना दुरुस्ती मिळाली नाही, त्यांना 66.0.4 आवृत्तीची वाट पाहावी लागली. म्हणून ती यंत्रणा चालू ठेवा असं मी म्हणत नाही. फाइलही ती बंदच ठेवते. पण बंद केलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर काहीतरी जातं, आणि काय जातं ते बंद करणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे.

कायद्याबद्दल फार लिहीत नाही. पुट्टस्वामी खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, आणि 2023 साली डिजिटल वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला. दोन्ही महत्त्वाचे. पण पानात दडलेली स्क्रिप्ट फॉन्ट मोजायला निघते तेव्हा तिला अडवणारा ब्राउझरच असतो.

या पुस्तिकेच्या मांडणीविषयी दोन शब्द. मूळ फाइलीला हात लावायचा नाही; आपले बदल ‘यूजर-ओव्हरराइड्स’ या वेगळ्या फाइलीत लिहायचे, अपडेट करणारी स्क्रिप्ट ते खाली आपोआप जोडते. मराठी वाचकाला बहुधा लागतील असे बदल, म्हणजे देवनागरी फॉन्ट, बँकेच्या पेमेंट पानांवरून परत येताना अडकणं, ब्राउझर बंद करताना कुकी पुसल्या जाऊन दर वेळी लॉगिन करावं लागणं, हे दुसऱ्या भागात घेतले आहेत. ज्यांना हे सगळं वाचून दडपण येईल त्यांनी पहिलं प्रकरण वाचून थांबावं: फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये कडक संरक्षण निवडावं, यूब्लॉक ऑरिजिन बसवावं, ब्राउझर अद्ययावत ठेवावा. फाइलीचं बरंचसं काम तेवढ्यात होतं, आणि ते सांगायला फाइल सांभाळणारेही कचरत नाहीत.

छापील पुस्तिका फाइलीच्या वेगाने धावू शकत नाही. तुमच्या हाती ही पानं येतील तोवर इथली एखादी ओळ प्रकल्पाने काढूनही टाकलेली असेल. तेव्हा पुस्तिका आणि फाइल यांत फरक दिसला तर फाइलीचं ऐका. सुरुवात करण्याआधी प्रोफाइल फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा, आणि फाइल उघडल्यावर सर्वांत वरच्या चौकटीत नावाखाली तारीख आणि आवृत्तीचा आकडा दिलेला असतो, तो तुमच्या फायरफॉक्सच्या आकड्याशी ताडून मगच पुढे जा.